टॅकोमाच्या ट्रान्स्फर केसचं ऑइल: घरी बदलता येईल का?

पठारी_डेन्व्हर (धागाकर्ता)

मंडळी, गाडीवाल्यांचा सल्ला हवाय. या उन्हाळ्यात २००६ची टोयोटा टॅकोमा घेतली. सेकंडहँड, ४ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, ऑटोमॅटिक, आणि डॅशबोर्डवरच्या नॉबने लागणारी पार्ट-टाइम फोर बाय फोर. आधीच्या मालकाने इंजिन ऑइलच्या सगळ्या पावत्या फाइल करून दिल्या, पण ट्रान्स्फर केसबद्दल (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी) त्या फाइलमध्ये एक ओळही नाही. गडी कोलोरॅडोतल्या युरे, सिल्व्हरटन बाजूच्या डोंगरवाटांवर पुष्कळ फिरलेला असावा, कारण खालच्या स्किड प्लेटवर दगडांचे ओरखडेच ओरखडे आहेत.

आता बर्फाचे दिवस येतील. आय-७० हायवेवर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबरपासून ३१ मेपर्यंत ट्रॅक्शन लॉ (बर्फात पकड राहील अशी गाडी-टायर हवेत असा नियम) असतो, आणि शनिवार-रविवार आम्ही तिकडेच असतो. त्यामुळे फोर व्हील ड्राइव्ह फक्त शोभेला नको.

प्रश्न असे: हे ऑइल खरंच बदलावं लागतं का? कुठलं घालायचं? आणि लिफ्ट नसताना घरासमोरच्या ड्राइव्हवेवर जमेल का? गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून बायको म्हणाली, "त्यात नवा टायर येईल."

---

गिअरशिफ्ट_जर्सी

उगाच खोलू नका. ट्रान्स्फर केसचं ऑइल लाइफटाइम असतं. माझ्या एसयूव्हीला दहा वर्षं कुणी हात लावलेला नाही, मस्त चालते. गळती नसेल तर विषय सोडा.

---

सातारचा_फौजी

जर्सीकर, लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ, हे एकदा कंपनीला विचारा.

मी ईएमईत (लष्कराच्या गाड्या-यंत्रं सांभाळणाऱ्या दलात) होतो, बडोद्याला शिकलो. जोंगा, जिप्सी सगळं हाताखालून गेलंय. आमच्याकडे नदी-नाला ओलांडून गाडी आली की इंजिनाच्या आधी गिअरबॉक्स, ट्रान्स्फर आणि दोन्ही डिफरन्शियलची (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) ऑइलं बघायची. नागरी जगात उलटं. इंजिन ऑइल सगळ्यांना ठाऊक, कारण त्याची डिपस्टिक बॉनेटखाली हाताशी. ट्रान्स्फर केसला डिपस्टिक नाही, दिवा नाही, आवाज येईपर्यंत ती आहे हेच कुणाला आठवत नाही. आणि आवाज आला म्हणजे बेअरिंग गेलेलं असतं.

पठारी, तुमच्या गाडीची हिस्ट्री माहीत नाही ना? मग चर्चाच नको. बदला. लिटरभर तर ऑइल.

---

बोल्टपाना

फौजीकाकांना अनुमोदन. नाशिकहून लिहितोय, घरी एमएम ५४० (महिंद्राची जुनी जीप) आहे आणि भावाची नवी थार.

ऑइलचा सोपा नियम सांगतो, आमच्या मिस्त्रींनी शिकवलेला. ट्रान्स्फर केसमध्ये साखळी असेल तर एटीएफ, म्हणजे ऑटो गिअरबॉक्सचं लाल पातळ ऑइल. आत नुसते गिअर असतील तर ९० नंबरचं दाट गिअर ऑइल. जुन्या जीपला गिअर, म्हणून ९०. टॅकोमात साखळी असते असं वाचलंय, तेव्हा एटीएफ घाला आणि मोकळे व्हा.

---

मीरा_भोसरी

बोल्टपानादादा, थांबा. पठारींनी हे वाचून एटीएफ ओतायच्या आत लिहिते.

मी गिअर डिझाइनमध्ये काम करते. तुमच्या मिस्त्रींचा नियम बऱ्याच गाड्यांना लागू पडतो हे खरं. अमेरिकी जीपमधली एनपी २३१ घ्या, साखळीवाली, डेक्सरॉन एटीएफवर चालते. फोर्डच्या जुन्या पिकअपमधल्या बोर्गवॉर्नरच्या केसेसही एटीएफवर. पण टॅकोमा नेमकी या नियमातून निसटते. तिच्यात साखळी आहे आणि तरी टोयोटा गिअर ऑइल सांगते. २००६ला ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ किंवा जीएल-५ (हे गिअर ऑइलचे दर्जे). त्याच टॅकोमाच्या २०१६नंतरच्या पिढीला पातळ ७५डब्ल्यू. नाव एकच, ऑइल वेगळं. जीएमच्या ज्या केसमध्ये ऑटो फोर व्हील ड्राइव्हची क्लच प्लेट असते, तिला तर वेगळंच निळं 'ऑटो-ट्रॅक टू' लागतं. तिथे घर्षण हवं तेवढंच लागतं, आणि ते ऑइलवरून ठरतं.

म्हणजे ऑइल साखळीवरून ठरत नाही. आत पंप आहे का आणि किती पातळ द्रव ओढायला बनवलाय, बेअरिंगं कुठल्या जातीची, सिंक्रोनायझरला (गिअर बदलताना वेग जुळवणारी रिंग) पितळ आहे का, क्लच आहे का, या सगळ्यावरून डिझाइन करणाऱ्याने ते ठरवलेलं असतं. बाहेरून कवच बघून आपल्याला यातलं काही कळत नाही. गाडीच्या साल-मॉडेलचं मॅन्युअल उघडायचं, त्यात लिहिलंय ते घालायचं.

आता जर्सीच्या दादांच्या 'लाइफटाइम'बद्दल. इंजिनात पाच-सहा लिटर ऑइल असतं आणि ते सतत फिल्टरमधून जातं. इथे जेमतेम एक लिटर, आणि इंजिनासारखा फिल्टर नाही. दात आणि साखळी एकमेकांवर घासून जी बारीक पूड निघते ती आतच फिरत राहते. शिवाय केस गरम झाली की आतली हवा ब्रीदरमधून (हवा ये-जा करायची बारीक नळी) बाहेर जाते, थंड झाली की बाहेरची आत येते, येताना दमट हवा आणते. गाडी न चालवता उभी ठेवली तरी दिवस-रात्रीच्या तापमानाने हा श्वासोच्छ्वास चालूच राहतो. ऑइलमधली दाब सोसणारी रसायनं वापराने संपत जातात ते वेगळंच. टोइंग, धूळ, पाण्यातून जाणं यातलं काही असेल तर ३०,००० मैलांच्या आसपास बदलावं असं बहुतेक जाणकार धरतात. नुसती हायवेवर चालणारी गाडी जास्त थांबू शकते, पण २००६ची नाही.

---

बोल्टपाना

मीराताई, पटलं. मिस्त्रींना सांगतो, ते ऐकणार नाहीत ही गोष्ट वेगळी. पण मग ९० नंबर दाट आणि एटीएफ पातळ, एवढा फरक चालतो कसा? आणि डेन्व्हरच्या थंडीत ९० गोठणार नाही?

---

मीरा_भोसरी

गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे एका पट्टीवरचे नाहीत. गिअरचं ९० गरम असताना साधारण इंजिनच्या ४०एवढंच दाट असतं. त्यामुळे '९० म्हणजे डांबर' ही भीती सोडा.

थंडीसाठी डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघायचा. ७५डब्ल्यूला उणे ४० अंश सेल्सियसपर्यंत ठरावीक मर्यादेत पातळ राहावं लागतं, ८०डब्ल्यूला फक्त उणे २६पर्यंत, ८५डब्ल्यूला उणे १२. नाशकात ८०डब्ल्यू-९० आणि ७५डब्ल्यू-९० यांतला फरक तुम्हाला जन्मात जाणवणार नाही. रॉकीजमध्ये जानेवारीच्या पहाटे तो जाणवतो.

तुमच्या एमएम ५४०साठी मात्र एक. दुकानदार जीएल-५ गळ्यात मारेल, "जास्त भारी आहे" म्हणून. जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते, कारण ते डिफरन्शियलच्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर जोरात घसरणाऱ्या तिरक्या दातांसाठी बनवलेलं. जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला ते गरम असताना त्रास देऊ शकतं. तिथे जीएल-४च बरं.

---

पठारी_डेन्व्हर

मीराताई, मॅन्युअल काढून बघितलं, तुम्ही म्हणता तेच आहे. ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक आणलं. एक क्वार्टची (लिटरपेक्षा जरा कमी) एक बाटली कशीबशी पुरेल असं वाटलं म्हणून दोन घेतल्या. रविवारी करतो. फौजीकाका, क्रम सांगाल का? आणि हे मॅन्युअलमध्ये सापडलं: महिन्यातून किमान १६ किलोमीटर (१० मैल) फोर व्हील ड्राइव्हमध्ये चालवा. हे कशासाठी?

---

सातारचा_फौजी

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. टू-व्हीलमध्ये पुढचा भाग नुसता लटकलेला असतो. साखळी, पुढचा शाफ्ट, पुढच्या डिफरन्शियलचे दात, कुणालाच काम नाही. तिथल्या भागांना ऑइल लागावं म्हणून ते सोळा किलोमीटर. दुसरं म्हणजे तुमचं नॉबचं मॉडेल. केसवर छोटी मोटर असते, ती आतला काटा सरकवते. वर्षभर हलवली नाही तर जाम होते आणि ऐन बर्फात दिवा नुसता लुकलुकतो. ओल्या नाहीतर मातीच्या रस्त्यावर फिरवा. कोरड्या डांबरावर नको.

आता क्रम. नीट वाचा.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. ऑइल कोमट झालं की घाण तरंगत बाहेर येते. उकळतं नको, हात भाजेल. सपाट जागा बघा. लेव्हल फिलरच्या, म्हणजे ऑइल भरायच्या भोकावरून मोजतात, गाडी तिरकी असेल तर माप खोटं. टॅकोमाखाली माणूस तसाच शिरतो, जॅक लावायची गरज पडू नये. लावलाच तर जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, आणि चारही कोपऱ्यांना सारख्या उंचीच्या. चाकांना ओट (अडसराचे ठोकळे), हँडब्रेक ओढलेला. ज्या केसला न्यूट्रल असतं तिथे हे दुप्पट महत्त्वाचं, कारण ट्रान्स्फर न्यूट्रलला गेली की गिअरबॉक्स 'पी'वर असला तरी गाडी सुटते.

आणि आता मुख्य: वरचा फिलर प्लग आधी उघडायचा. खालच्याला तोवर हात लावायचा नाही. खालचा उघडून ऑइल सांडलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी तिथेच बसली. भरणार कुठून? ही गोष्ट मी रंगरुटांना इतक्यांदा सांगितलीय की झोपेतही बोलत असेन.

वरचा सुटला की खालचा. तसराळं मोठं घ्या, पहिली धार लांब उडते. वॉशर दोन्ही नवे.

---

रानवाट

मी सॉल्ट लेक सिटीत, माझी पण टॅकोमा. थोडी भर.

दोन्ही प्लग २४ मिमीचे. सहा कोनी सॉकेट आणा. बारा कोनीने जुन्या प्लगची डोकी गोल होतात. स्किड प्लेट असेल तर तिचे बोल्ट १२ मिमीचे.

नरसाळ्याचा उपयोग नाही, वर बाटली उलटी करायला जागाच मिळत नाही. बाटलीच्या तोंडाला बसणारा हातपंप मिळतो, स्वस्त असतो, तो घ्या. भोकातून ऑइल ओघळायला लागलं की थांबा, थेंब थांबू द्या, प्लग लावा.

घट्ट करताना भीम होऊ नका. कवच ॲल्युमिनियमचं आहे, प्लग पोलादी. टॉर्क पाना ३७ न्यूटन-मीटरला (२७ फूट-पाउंड) लावा आणि टक झालं की सोडा. आटे गेले तर एक लिटर ऑइलचं काम हेलिकॉइलपर्यंत (गेलेल्या आट्यांत नवी तारेची गुंडाळी बसवणं) जातं.

---

भटकी_अनघा

मध्येच विचारते, मूर्ख प्रश्न असेल तर सोडून द्या. फौजीकाका म्हणाले कोरड्या डांबरावर फोर बाय फोर नको. आम्ही पुणे-महाबळेश्वर घाटात पावसाळ्यात लावतो, मग पाऊस थांबला तरी तसंच ठेवतो. वाईट का?

---

मीरा_भोसरी

अजिबात मूर्ख प्रश्न नाही, अनघा. पार्ट-टाइम गाडीत फोर-एच (नेहमीच्या वेगाचं फोर व्हील ड्राइव्ह) लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट साखळीने एकत्र जखडले जातात, दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरायचं असतं. चिखलात, बर्फात चाक थोडं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग तो पीळ साखळीत, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये आणि दातांत साठत जातो. स्टीअरिंग जड होतं, गाडी वळणावर अडखळते, लिव्हर टू-एचला (टू-व्हीलला) परत यायला तयार होत नाही. लिव्हर अडकली तर जोर लावू नका, थोडं सरळ मागे या, पीळ सुटतो. रस्ता कोरडा झाला की काढून टाका.

याच कारणाने चारही टायर सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे, मागे गुळगुळीत, असं असेल तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ बसतो.

फुल-टाइम गाड्यांत मधे तिसरं डिफरन्शियल असतं, त्यांना हे लागू नाही. तुमची कुठली?

---

भटकी_अनघा

थार. लिव्हरवाली. म्हणजे लागू आहे. 🙏

---

बोल्टपाना

अनघाताई, मग तुमच्या ट्रान्स्फर केसच्या माहेराबद्दल: दिवगी टॉर्कट्रान्स्फर ही आपल्या पुण्याची कंपनी महिंद्राला ट्रान्स्फर केस पुरवते. पूर्वी बोर्गवॉर्नरबरोबर भागीदारी होती, दिवगी-वॉर्नर नाव होतं. भोसरीला कारखाना आहे. मीराताईंच्या गल्लीतला.

---

पठारी_डेन्व्हर

रविवारचा अहवाल. वरचा प्लग सुटत नाहीये.

काकांचं ऐकून आधी त्यालाच हात घातला. पान्याला अंगचं वजन दिलं तरी हलत नाही. कडेला पांढरट पापुद्रा आलाय. खालचा उघडलेला नाही, गाडी चालती आहे.

---

सातारचा_फौजी

शाब्बास. आता खालच्याला हात लावू नका म्हणजे नकाच.

---

रानवाट

पांढरट म्हणजे रस्त्यावरचं मॅग्नेशियम क्लोराइड. कोलोरॅडोत बर्फ वितळवायला तेच फवारतात, गाडीच्या पोटाला वर्षानुवर्षं बसतं. पोलादी प्लग, ॲल्युमिनियम कवच, मधे खारट ओल, की दोन धातू एकमेकांना खातात आणि आटे चिकटतात.

तारेच्या ब्रशने कडा साफ करा. पेनिट्रेटिंग ऑइल मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत मारा. सॉकेट नीट बसवून प्लगच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके द्या. मारायचं प्लगवर, केसवर नाही. मग लांब दांड्याचा ब्रेकर बार. झटका देऊ नका, सावकाश वाढता जोर. नाहीच सुटला तर हॉट एअर गनने प्लगच्या भोवतालचं कवच गरम करा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, पकड ढिली होते. टॉर्चची ज्योत नको, वरती वायरिंग आहे, सील आहे, आणि तुम्ही नुकतंच पेनिट्रेटिंग ऑइल मारलंय. गन लावायच्या आधी तेही पुसून घ्या.

---

गिअरशिफ्ट_जर्सी

मी म्हणालो होतो खोलू नका.

---

पठारी_डेन्व्हर

जर्सीकर, सुटला! एअर गनची गरज पडली नाही, दुसऱ्या सकाळी ब्रेकर बारने करकर आवाज करत आला.

पण आता वेगळीच काळजी. खालचा उघडला तर ऑइल काळं नाही, करडं-दुधाळ आलं. कॉफीत दूध जास्त पडल्यासारखं. आणि वरचा प्लग काढला तेव्हाच त्यातून थोडं आपोआप ओघळलं होतं, म्हणजे लेव्हल भोकाच्या वर होती. जास्त ऑइल भरलं होतं का कुणी? फोटो टाकलाय.

---

मीरा_भोसरी

फोटो पाहिला. ते पाणी आहे. ऑइलमध्ये पाणी घुसळलं गेलं की असाच रंग येतो, आणि जास्तीची लेव्हलही त्या पाण्याचीच असणार.

लेव्हल वाढण्याचं दुसरं एक कारण असतं, तेही तपासून टाका: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्यामधलं ऑइल सील गेलं की गिअरबॉक्सचं लाल एटीएफ इकडे झिरपतं. तसं असतं तर मिश्रणाला गुलाबी-लालसर झाक दिसली असती आणि तिकडे गिअरबॉक्सची लेव्हल कमी झाली असती. फोटोत लाल काही दिसत नाही, पण पांढऱ्या कागदावर थेंब टाकून उजेडात बघा.

पाणी शिरतं कसं, तर तुम्ही तासभर डोंगर चढता, केस गरम होते. समोर ओढा येतो, बर्फाचं पाणी. गरम केस त्यात बुडते, आतली हवा झटकन आकसते आणि पोकळी भरायला मिळेल तिथून काहीतरी ओढते. ब्रीदरची नळी जागेवर आणि उंच असेल तर हवा ओढली जाते. नळी निसटलेली, चिरलेली किंवा चिखलाने बंद असेल तर पाणी. बंद असली तरी दगा देतेच, मग सीलच्या ओठांमधून पाणी आत येतं.

करायचं ते असं. नवं ऑइल भरा, पण चांगली सिंथेटिक बाटली आत्ता वाया घालवू नका. त्याच ग्रेडचं साधं स्वस्त ऑइल आणा. भरून अर्धा-एक तास चालवा, मधे ओल्या किंवा मातीच्या रस्त्यावर थोडा वेळ फोर-एचमध्ये, म्हणजे साखळीच्या कड्यांतलं पाणीही सुटेल. मग ते काढून टाका. ते स्वच्छ आलं तर सिंथेटिक भरा, दुधाळ आलं तर आणखी एक फेरी. आणि नवं ऑइल भरायच्या आधी ब्रीदर शोधा. तो दुरुस्त केला नाही तर पुढच्या ओढ्यात परत हेच.

तळाशी काय होतं? प्लगवर काही चिकटलं होतं का?

---

पठारी_डेन्व्हर

करड्या मलमासारखा थर होता. बोटांत चोळला तर खरखरत नाही. तुकडे नाहीत.

---

सातारचा_फौजी

मलम चालतं. इतक्या वर्षांच्या गाडीत ते असणारच. नखाला लागेल अशी कपची किंवा दाताचा तुकडा निघाला असता तर सांगितलं असतं, गाडी उभी करा. पितळी चमक दिसली तरी सावध. कुठे काळजी करायची ते आता कानाने ठरवा: फोर-एचमध्ये वेग घेताना घरघर, किंवा साखळी दात सोडल्यासारखे ठोके.

---

रानवाट

ब्रीदर सांगतो. केसच्या वरच्या अंगाला बारीक निपल असतं, त्याला रबरी नळी. टॉर्च घेऊन आडवे व्हा, वर हात घालून नळी चाचपा. फुंकून बघा, हवा गेली पाहिजे. निपलवरून निघालेली असेल तर नवी नळी आणि छोटा क्लिप, एवढंच काम. नळी वर इंजिन बेच्या फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधली भिंत) नेली की चाकभर पाण्यातूनही काळजी नाही.

---

सुगरण_टोरांटो

यजमान हा धागा मोठ्याने वाचून दाखवतायत म्हणून मीही आले. ते काढलेलं ऑइल टाकायचं कुठे? आमच्या गावी कुंपणाच्या खांबांना फासायचे, वाळवी लागू नये म्हणून.

---

सातारचा_फौजी

आमच्याकडे अजून फासतात, सेंटरिंगच्या प्लेटांना पण. पण ते विहिरीच्या पाण्यात उतरतं, ताई. आपल्याकडे कायद्याने वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. गॅरेजवाल्याकडे कॅनमध्ये साठवायचं, तिथून अधिकृत रीसायकलरने न्यायचं. भंगारवाल्याला देऊ नका, तो भट्टीत जाळतो.

---

रानवाट

अमेरिकेत सोपं आहे, मोठ्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत वापरलेलं ऑइल फुकट घेतात. पण पठारी, तुमचं पहिलं ऑइल पाणी मिसळलेलं आहे, ते त्यांच्या टाकीत ओतू नका. असं मिश्रण ते नाकारतात. वेगळ्या कॅनमध्ये भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर न्या. दुसऱ्या फेरीचं स्वच्छ निघालं तर ते दुकानात चालेल.

---

पठारी_डेन्व्हर

झालं. ब्रीदरची नळी निपलवरून निघून नुसती वर अडकून होती, तोंडात वाळलेला चिखल. नवी टाकली, फायरवॉलपर्यंत नेली. स्वस्त ऑइल भरून गोल्डनच्या पुढे मातीच्या रस्त्यावर फोर-एचमध्ये फिरवून आणली आणि परत काढलं: किंचित ढगाळ, पण दुधाळ नाही. मीराताईंच्या सांगण्यावरून अजून एक फेरी केली, ती स्वच्छ आली. आता सिंथेटिक आत आहे, टॉर्क पान्याने ३७वर टक केलं. कागदावर लाल डागही नाही.

नॉब फिरवल्यावर पूर्वी दिवा बराच वेळ लुकलुकायचा, आता लवकर स्थिर होतो. हा ऑइलचा परिणाम की मोटर जरा मोकळी झाली?

---

मीरा_भोसरी

बहुधा मोटर. इतक्या फेऱ्यांत तुम्ही ती जितकी फिरवलीत तितकी आधीच्या मालकाने वर्षात फिरवली नसेल. ऑइल बदलून सरकणारा काटा हलका होतो, पण दिव्याचा वेळ जास्त करून मोटर आणि तिच्या आतल्या स्विचवर अवलंबून असतो.

पण अजून संपलं नाही. ज्या पाण्याने ट्रान्स्फर केस गाठली, त्याच पाण्यात दोन्ही डिफरन्शियलही उभी होती. त्यांचेही ब्रीदर आणि ऑइल बघा.

---

रानवाट

हो. पुढच्याचे प्लग १० मिमी ॲलनचे आहेत, २४चं सॉकेट तिथे चालणार नाही. ॲलनचं भोक चिखलाने भरलेलं असतं, टोकदार काडीने पूर्ण साफ करून मगच चावी ठोकून बसवा, नाहीतर आतून गोल होतं. फिलर आणि ड्रेन दोघांचा टॉर्क वेगळा आहे, आधी मॅन्युअल बघा.

---

सातारचा_फौजी

आणि तिथेही आधी वरचा.